चालता येतं ना?

गणपतीच्या कार्यक्रमात आठ वर्षांची मुलं स्टेजवर आली की आपल्या हॉलमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. तीच मुलं पंधराची झाली की शोधूनही सापडत नाहीत. लेझीम नको, समूहगान नको, "आई प्लीज, मला विचारूच नकोस!" ती मागच्या भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं खुपसतात आणि आम्ही पुढच्या रांगेत बसून त्यांची काळजी करतो. चहाबरोबर ही काळजी उगाळून कंटाळा आला, तेव्हा आम्ही चार-पाच घरांनी मिळून जुलैच्या सुट्टीत सिडनीत एक उद्योग केला: मॉडर्न डान्सची तीन दिवसांची कार्यशाळा.

आमच्यात एकमत मुळीच नव्हतं. "अरंगेत्रम झालेल्या मुलीनं आता जमिनीवर लोळायचं?" हा एक सूर. "अकरावीचं वर्ष, एटारचं काय?" हा दुसरा. एचएससीला डान्स हा रीतसर विषय आहे आणि त्यात नाचण्याबरोबर स्वतःची रचना करणं आणि रसग्रहणही असतं, हे कळल्यावर दुसरा सूर जरा खाली आला. पहिला तसाच राहिला.

शिकवणारी बाई इथलीच, बरीच वर्षं रंगमंचावर नाचलेली. पहिल्या दिवशी तिनं गाणंच लावलं नाही. एका मुलानं आधीच सांगून टाकलं, "मला नाचता येत नाही." ती म्हणाली, "चालता येतं ना?" मग तासभर नुसतं चालणं. जड, हलकं, घाईचं, पाय ओढत. पुढे प्रत्येकानं रोजची एक हालचाल निवडली. त्या मुलानं दप्तर खांद्यावरून फेकणं घेतलं. तेच मोठं करून, संथपणे, बसून, उलट्या क्रमानं, आठ मात्रांत. अशा तीन हालचाली जोडल्या आणि पठ्ठ्या नाचत होता!

बॅलेत शरीराचं वजन लपवायचं असतं, इथे ते दाखवायचं, म्हणून जमिनीशी एवढी सलगी, असं बाईंनी समजावलं. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहमनं तर आपलं सारं तंत्र श्वासावर उभं केलं: श्वास सोडताना पोट आत खेचून अंग आक्रसायचं, घेताना मोकळं व्हायचं. भरतनाट्यम शिकलेल्या मुलींना गंमत वाटली ती वेगळीच. अभिनयात आधी अर्थ, मग मुद्रा. इथे हालचाल आधी आणि अर्थ मागून आला तर आला.

दुसऱ्या दिवशी जोड्या करून एकमेकांवर वजन टाकायचं होतं. हात धरा, पाय जवळ ठेवा, मागे झुका, जोडीदारावर विश्वास टाका. बटाटेवड्यांचा डबा घेऊन आलेल्या एक आजी दारातूनच म्हणाल्या, "अगं, ही तर फुगडी!" बाईंनी त्यांना आत बोलावलं. गुडघ्यांमुळे आजी फिरल्या नाहीत, पण मनगटं कशी गुंफायची, नजर कुठे ठेवायची, दम कधी घ्यायचा हे त्यांनी दाखवलं. मंगळागौरीला खेळलेलं अंग विसरलं नव्हतं. पहिला सूर तिथे जरा मावळला.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी एक हकिगत सांगितली. १९७२ साली कॅरोल जॉन्सन ही कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तकी एका नृत्यसंचाबरोबर ऑस्ट्रेलियात आली आणि तिनं रेडफर्नमध्ये तिथल्या आदिवासी तरुणांसाठी अशाच कार्यशाळा सुरू केल्या. त्यांतून पुढे नाइस्डा ही नृत्यशाळा उभी राहिली आणि १९८९ साली बंगारा डान्स थिएटर. विराजुरी भाषेतल्या या शब्दाचा अर्थ आग पेटवणं. स्टीफन पेज यांनी १९९१ पासून तीन दशकं ही संस्था सांभाळली. आता ती धुरा फ्रान्सिस रिंग्ज यांच्याकडे आहे. आपल्या लोकांच्या जुन्या गोष्टी आजच्या शरीरानं सांगायच्या, हे त्यांचं काम. मुलांनी हे वडे खाता खाता ऐकलं, पण ऐकलं.

तिसऱ्या दिवशी बारा मुलांनी सहा मिनिटांचा नाच करून दाखवला. विषय त्यांचाच: रविवारचा भारतातला व्हिडिओ कॉल. रिकामा तळहात चेहऱ्यासमोर धरायचा, हसायचं, हात हलवायचा, आणि "मी बरी आहे" एवढं बोलून झालं की तो अदृश्य फोन पुढच्याच्या हातात कोंबायचा. फोन फिरत राहिला, वेग वाढला, घाई झाली. शेवटी अरंगेत्रमनंतर घुंगरू पेटीत बंद करून ठेवलेली मुलगी तो घेऊन एकटी उरली. तिला बोलायचं होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. शब्द येत नव्हते. मग तिनं हात लांब केला आणि मागे झुकली, फुगडीत झुकतात तशी, पण समोर धरायला कुणी नव्हतं.

आम्ही कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तिकडे मीही अशीच बसते गं, फोन बंद झाल्यावर." आणि उठून त्यांनी तिचे हात धरले.

हा नाच यंदा गणपतीत ठेवायचा असं आम्ही कमिटीला सुचवलं आहे. गाणं नाही, भरजरी कपडे नाहीत, लोकांना कळेल का, ही शंका आलीच. मुलं तयार आहेत. त्यांची अट एकच: निवेदकानं आधी अर्थ सांगायचा नाही. यंदा निवेदन आमच्याकडेच आहे, त्यामुळे ही अट फार जड जाणार आहे!