जलपर्णी आणि परसांतील अळू

उन्हाळ्यांत कल्याणजवळ मोहोन्याच्या बाजूस उल्हास नदीच्या कांठीं जावें, तर ही नदी कीं कुरण असा संभ्रम पडतो. पात्रावर हिरवीगार जलपर्णी पसरलेली असते. तिचीं जांभळीं फुलें मोठीं मनोहर. पण याच नदीचें पाणी शुद्ध होऊन कल्याण-डोंबिवलीच्या घरोघरीं जातें हें आठवलें म्हणजे शोभेचें कौतुक ओसरतें.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. ती येथें इतकी कां माजते? नदींत मिसळणाऱ्या सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हेंच तिचें खत. तेव्हां जलपर्णी पाणी शुद्ध करते असें म्हणणारे अगदींच चुकत नाहींत. मात्र रोप मेलें व कुजलें कीं घेतलेलें बहुतेक सारें पाण्यांत परत जातें; शिवाय कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो आणि मासे तडफडून मरतात.

याचा उलगडा मला पुस्तकाआधीं ठाण्यास आजीच्या परसांत झाला. मोरीचें पाणी अळू, केळी व कर्दळ यांच्या आळ्यांत जाई. आजी दर चार दिवसांनीं अळू खुडीत असे. घड उतरला कीं केळ तोडली जाई. पाण्यांतलें पानांत, आणि पानांतलें फतफत्याच्या रूपानें आमच्या ताटांत! तें आळें कधीं कुजट झालें नाहीं.

जर्मनींत केटे झायडल या विदुषीनें १९५० नंतरच्या दशकांत पाणवनस्पतींच्या साह्यानें सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले. आजची बांधीव पाणथळ ही त्याच वाटेची: खडीचा उथळ वाफा, त्यांत देवनळ, पाणकणीस किंवा कर्दळ, आणि मुळांतून हळूहळू झिरपणारें पाणी. नत्राचा मोठा भाग तेथील सूक्ष्म जंतु वायुरूपानें उडवून देतात. स्फुरदास असे पंख नाहींत. तो खडींत बसतो किंवा झाडांत शिरतो. झाडांतला बाहेर काढावयाचा तर विळाच चालवावा लागतो, आणि तोही पानें हिरवीं असतांनाच. पानें पिवळीं पडूं लागलीं कीं देवनळासारखीं रोपें आपला सांठा मुळांकडे ओढून घेतात.

जलपर्णीचें काम याहून कष्टाचें. तिच्या १०० भागांत ९० हून अधिक भाग पाणीच. गाडाभर ओढावी तेव्हां हातीं थोडेंसें सुकें लागतें. कांठावरच ढीग टाकला, तर पहिल्या पावसांत त्याचा रस पुन्हा नदींत उतरतो. पूर आला म्हणजे उरलेली खाडीकडे वाहून जाते, पात्र मोकळें दिसतें, आणि लोक हुश्श म्हणतात! खत करून ती शेतांत नेतां येईल. पण वालधुनीसारख्या, कारखान्यांचें पाणी मिसळणाऱ्या प्रवाहांतली असेल तर आधीं तपासून घ्यावी, कारण ती जड धातूही शोषते. एरवीं अडतें तें एवढेंच, कीं नदीकांठापासून शेतापर्यंत गाडीचें भाडें कोणीं द्यावें.