उपरण्याखालचा भाव

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ज्या कोणा पूर्वजाने म्हणून ठेवले, त्याने ती मूठ किती काळ झाकून धरावी, हाताला रग लागल्यास काय करावे, आणि मुठीत काय आहे हे भोवतालच्या सर्वांना ठाऊक झाल्यावरही सव्वा लाखाचा भाव टिकतो की उतरतो, यांपैकी एकाही प्रश्नाची तजवीज केलेली नाही. लाखावर काम भागले असते. वरच्या पावाचे प्रयोजन काय, याचाही मी गेले काही दिवस विनाकारण विचार करतो आहे. देवापुढे सव्वा रुपया ठेवतात तो शकुनाचा; तेव्हा हा पाव लाखही मुठीतल्या ऐवजाचा नसून, ती उघडण्याची वेळ येऊ नये म्हणून दैवाला आगाऊ वाहिलेली दक्षिणा असावी.

आमच्या कचेरीत दिवाळीनंतरच्या शनिवारी सहकुटुंब फराळाचा समारंभ असतो, आणि त्याआधी आस्थापना शाखेची यादी टेबलाटेबलावरून फिरते: नाव, सोबत येणारे, नाते, सही. मधल्या दोन रकान्यांत मी वर्षानुवर्षे आडवी रेघ ओढत आलो. यंदा यादी संगणकावर आली असून तेथे रेघेची सोय नाही; रकाना मोकळा सोडला की तांबड्या अक्षरांत स्मरण दिले जाते. तथापि माझी रेघ वाचता न येणारे त्या कचेरीत कोणी असेल, असे मला वाटत नाही. लेखा शाखेतल्या एक वयस्क बाई समारंभ आटोपल्यावर दरवर्षी माझ्या हातात एक स्टीलचा डबा ठेवतात: तळाशी कागद, वर चिवडा, चकल्या, साखरेच्या शंकरपाळ्या, आणि कडेला वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली खाऱ्या शंकरपाळ्यांची निराळी पुडी. ‘अहो, ही पुडी वेगळी ठेवा हं, मिसळू नका,’ एवढेच त्या म्हणतात. मला मधुमेह नाही. तो ज्याला आहे त्याचे नाव त्यांनी आजतागायत उच्चारलेले नाही, आणि मीही.

यावरून मला वऱ्हाडातल्या बैलबाजाराची आठवण होते. आजोबा मला कधीकधी सोबत नेत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उकिडवे बसत, दोघांच्या हातांवर उपरणे पडे आणि त्याखाली बोटांनी बोटे दाबून सौदा चाले. किती बोटे धरली म्हणजे किती शेकडे आणि पंजा आवळला म्हणजे किती, हे संकेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असत, आणि तोंडे मात्र त्या वेळी पावसापाण्याच्या व सोयरिकींच्या गोष्टी करीत. हत्ता म्हणतात तो हाच. बैल कोणाचा हे बघ्यांना माहीत असे, गरज कोणाची मोठी हे दिसत असे, भावाचाही बहुतेकांना बराचसा अदमास असे. नसे तो केवळ उच्चार. एका आकड्याचा उच्चार टाळण्यासाठी दोन वयस्क माणसे भर उन्हात घटकाभर कापडाखाली हात घालून बसतात, याचे मला त्या वयात हसू येई.

धान्याकापसाच्या बाजारांतही ही रीत होती, आणि तिच्या आडोशाने अडते-दलाल संगनमताने कास्तकाराला नागवीत, म्हणून यथावकाश उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, वऱ्हाडासाठी १८९७ साली कायदा आला, शाही कृषी आयोगाने १९२८ साली अशा बाजारांची शिफारस केली, आणि पुढे महाराष्ट्राने १९६३ साली स्वतःचा कायदा केला. यात खोट काढावी असे काही नाही. भाव मोठ्याने पुकारला गेला म्हणजे फसवणुकीची एक वाट तरी बंद होते. तरी आजोबा लिलावावर नाखूश असत, आणि त्यांचे कारण दलालांच्या कारणाहून निराळे होते. उपरण्याखाली भाव पडला तर तो दोघांत राहतो, असे ते म्हणत. चारचौघांत पडला की विकणाऱ्याला तो भाव अंगावर घेऊन वर्षभर गावात वावरावे लागते. शिवाय लिलावाच्या जागी ज्यांना बैल घ्यायचाच नाही, असे लोकही हजर असतात. हे म्हणणे शहाणपणाचे की सोयीचे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

गंमत अशी की, ज्या साहेबी राजवटीने बाजारातले उपरणे ओढायला सुरुवात केली, तिनेच १८६० च्या दंडविधानात कलम ३७७ घालून माणसांच्या दुसऱ्या एका व्यवहारावर ते सक्तीने पांघरले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ते २००९ साली दूर केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा घातले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या संमतीपुरते, काढून टाकले. विवाहाचा अर्ज २०२३ च्या ऑक्टोबरात नामंजूर झाला. पण पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने कळवले की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते काढता येईल, आणि शिधापत्रिकेपुरते त्यांना एकाच घरचे समजावे. सरकार आम्हा दोघांना एका शिधापत्रिकेवर बसवायला राजी असताना मी फराळाच्या यादीपाशी अडखळावे, हे हास्यास्पद आहे खरे. मात्र शिधावाटप कचेरीतला कारकून शिक्का मारून मोकळा होतो. करंजी मोडता मोडता ‘तुमची ओळख कुठली हो?’ असे तो विचारीत नाही.

आणि ज्या ओळखीविषयी हा सारा विचार चालला आहे, तो स्वतः शिक्षक आहे. एका खाजगी संस्थेच्या शाळेत मराठी शिकवतो. समलिंगी माणसाला केवळ त्या कारणावरून खाजगी नोकरीतून काढू नये, असे स्पष्ट शब्दांत सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, हे तो माझ्याहून चांगले जाणतो. डॉ. श्रीनिवास सिरस यांचा विषय आमच्या घरात क्वचितच निघतो, पण निघाला की बराच वेळ टिकतो. मराठीचाच प्राध्यापक, मराठीतला कवी, अलीगढच्या विद्यापीठात नोकरीला. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरात माणसे घुसली, चित्रण झाले, आणि निलंबनाचा हुकूम निघाला तो घुसणाऱ्यांवर नव्हे. दिल्लीचा २००९ चा निकाल त्या वेळी जागेवर होता. एप्रिलच्या आरंभी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि आठवडाभरात ते राहत्या घरी मृत आढळले. ‘मूठ तू उघडशील रे,’ तो मला म्हणाला, ‘पण तिच्यात बोटं माझीही आहेत.’ म्हणीचा सारा कारभार एका हातावर चालतो, आणि उपरण्याखाली तर हात दोघांचे असतात, हे माझ्या ध्यानात आजोबांच्या बाजारापर्यंत जाऊनही आले नव्हते.

गेल्या वर्षी आमच्या शाखेतला एक तरुण आपल्या सोबत्याला घेऊन आला होता. ‘हा माझा पार्टनर,’ असे त्याने सरळ सांगितले. कोणीतरी ‘या, या, आधी खाऊन घ्या, चकल्या संपतायत’ म्हणाले. आणि बोलणे जेथे होते तेथे, म्हणजे सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीपाशी, परत गेले. भाव पुकारला गेला नाही, कोणी हसले नाही. मला आनंद झाला, आणि त्याच्या बुडाशी दुसरेही काही होते, ज्याला असूया म्हणावे की हिशेब चुकल्याची चुटपुट, हे कळेना. तेव्हापासून मनात येते की त्याला न्यावेसे वाटते ते त्याच्यासाठी, माझ्यासाठी, की त्या तरुणाला जे फुकटात मिळाले त्याचे दाम मी कितीतरी अधिक मोजले आहे, याची चारचौघांत नोंद व्हावी म्हणून? तिसरे कारण खरे असेल तर त्याला ‘चल’ म्हणण्याचा मला कितपत अधिकार आहे? आणि नसेल, तर हा प्रश्न उकरून काढणे ही रेघ ओढण्याचीच एक सभ्य तऱ्हा नव्हे कशावरून?

यादीची मुदत सोमवारी संपते. काल त्याला पुन्हा विचारले, तेव्हा त्या शनिवारी सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, असे तो म्हणाला. पेपरांचा गठ्ठा टेबलावर आहे हे खरे. पण ते कारण होते की सबब, हे मी विचारले नाही.