निवटा, नेवरी आणि तारापूर

गुजरातकडे जाणाऱ्या मुंबईकराला पालघर ठाऊक असते ते बहुधा आगगाडीच्या खिडकीतून. विरार मागे पडले की डब्यातली निम्मी मंडळी डुलक्या घेऊ लागतात आणि डोळे उघडतात तेव्हा वापी आलेली असते. मधल्या मध्ये वैतरणेचे रुंद पात्र, सफाळ्याच्या टेकड्या, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड एवढा सगळा मुलूख झोपेत निघून जातो. 2013 साली लोकल गाडी डहाणूपर्यंत धावू लागली आणि 2014 च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ठाणे जिल्ह्यातून फुटून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही ‘पालघरला जाऊन आलो’ असे म्हटले की ऐकणारा सहज विचारतो, “का? कोणाचे लग्न होते का?”

लग्न कोणाचेही नव्हते. 2016 च्या जूनचा पहिला आठवडा होता, आकाशात ढग होते पण पाऊस नव्हता आणि चिंचणीच्या एका जुन्या स्नेह्याचे ‘पावसाआधी एकदा येऊन जा’ असे निमंत्रण तीन वर्षांपासून पडून होते. बरोबर आमचे चिरंजीव होते. ते कॉलेजात जातात असे आम्ही समजतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत ते अहोरात्र एकाच चिंतेत होते: अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीचे नाव काय ठेवणार?

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. फोन असो की संगणक, त्याच्या पोटात एक कारभारी असतो. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणाला किती जागा द्यायची, पडद्यावर काय दाखवायचे, हे सगळे तो पाहतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. गूगल कंपनीच्या अशाच कारभाऱ्याचे नाव अँड्रॉइड. 2009 पासून त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने एखाद्या गोड पदार्थाचे नाव देण्याचा रिवाज होता. कपकेक झाला, डोनट झाला, पुढे जेलीबीन, किटकॅट, लॉलीपॉप, मार्शमॅलो. आता अक्षर आले होते ‘एन’. त्यातच मे महिन्यात कंपनीने जाहीर केले की नाव लोकांनीच सुचवावे, निवड मात्र आम्ही करू. बारसे आमच्याकडे, नावे तुम्ही सुचवा, पण कानात सांगायचा मान आमच्या आत्याबाईंचा, असा तो प्रकार!

डहाणू लोकलमध्ये आमच्या समोरच्या बाकावर बोईसरच्या कारखान्यात जाणारे तीन तरुण होते. चिरंजीवांनी विषय काढायचा अवकाश, त्यांचे डोळे चमकले. जणू एकाच गावचे निघाले!

“नानकटाई होणार काका, लिहून ठेवा,” एक जण मला म्हणाला. “पिचाईसाहेब आपलेच आहेत.”

सुंदर पिचाई 2015 च्या डिसेंबरात दिल्लीला आले असता, भारतीय मिठाईचे नाव का देत नाही, असे एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले होते आणि ‘आईला विचारून पाहतो’ अशा अर्थाचे गोड उत्तर त्यांनी दिले होते. तेवढ्या एका वाक्यावर भारतभर किती अंदाजांचे इमले चढले होते! केरळवाल्यांनी नेय्यप्पमसाठी कंबर कसली होती. दुसऱ्या तरुणाचे म्हणणे पडले की आतल्या गोटातून ‘न्यूटेला’ हे नाव फुटले आहे. तिसरा अनुभवी होता. तो म्हणाला, “फुटलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. 2013 साली सगळे जग ‘की लाइम पाय’ म्हणत होते. निघाला किटकॅट!”

ही गोष्ट खरी आहे. त्या वेळी कंपनीच्या आतल्या लोकांनासुद्धा ‘की लाइम पाय’ हेच नाव माहीत होते. मग पुढे लक्षात आले की हा पदार्थ चाखलेली माणसेच जगात थोडी, आणि नाव बदलले.

“आपली नेवरी का नको?” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. त्यांचे माहेर गोव्याचे असावे, कारण करंजीला नेवरी म्हणणारे माणूस आमच्या बाजूला विरळा. “एनच आहे की!” नेवरीला डब्यात चांगला पाठिंबा मिळाला. मग नारळीपाक आला, नारळाची वडी आली. दाराशी रिकामी टोपली घेऊन बसलेल्या कोळीणमावशी इतका वेळ नुसते ऐकत होत्या. त्यांनी विचारले, “गोडच पाहिजे का रे? निवटा नाही चालणार?”

सगळा डबा हसला. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो बटबटीत डोळ्यांचा मासा. पण चिरंजीव गंभीरपणे म्हणाले, “मावशी, पाण्यात आणि चिखलात दोन्हीकडे चालणारा म्हणजे सिस्टिम म्हणून उत्तमच आहे!” मावशींना ते कितपत कळले कोण जाणे, पण निवट्याचा सन्मान झालेला त्यांना आवडला.

पालघर स्टेशन आले. गावाच्या मध्यभागी हुतात्मा चौक आहे. 14 ऑगस्ट 1942 रोजी इथे झालेल्या गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले. रिक्षावाल्यांचा कलकलाट चालू असतानाही तिथे क्षणभर थांबावेसे वाटते. चिंचणीची वाट पुढे बोईसरवरून जाते, पण मावशी सातपाटीच्या होत्या आणि त्यांनी “आलाच आहात तर आमचा बंदर बघा” असा आग्रह धरला. तो मोडण्याचे कारण नव्हते.

सातपाटी म्हणजे पापलेटाची पेठ. मुंबईच्या बाजारात ज्याचा भाव ऐकून आपण बांगड्याकडे वळतो, ते रुपेरी पापलेट, त्यांच्या भाषेत सरंगा, या किनाऱ्याचे वैभव. 2023 साली महाराष्ट्राने त्याला राज्यमासा केला. आम्ही गेलो तेव्हा मासेमारी बंद होती. जून-जुलै माशांच्या विणीचा काळ, म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. सावलीत पुरुष जाळी विणत बसले होते, वासाला काही तोटा नव्हता आणि गप्पांनाही.

मावशींनी गाडीतला विषय तिथे सांगितला. नाव ओळखायचा खेळ आहे म्हणे, सगळी पोरे खेळतात. जाळे विणणारा एक मध्यमवयीन खलाशी मान वर न करता म्हणाला, “आम्ही पण खेळतो. वाढवणचा खेळ.”

वाढवण हे डहाणू तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. तिथे मोठे बंदर करण्याची कल्पना गेल्या शतकाच्या अखेरीस प्रथम निघाली. 1998 साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने ती अमान्य केली. लोकांना वाटले, विषय संपला. पण 2015 साली कराराची बातमी पुन्हा आली, आणि आम्ही गेलो तेव्हा सारा किनारा अंदाज करीत होता. पण त्यांचे प्रश्न निराळे होते. भराव किती आत जाणार? बोटींचा मार्ग कुठून आखणार? त्या मार्गात आमच्या जाळ्यांची जागा येणार का? पापलेट, घोळ, शेवंड जिथे मिळते ते पाणी उरणार का?

“तुमच्या पोराचा अंदाज चुकला तर काय होते?” त्याने विचारले.

“काही नाही,” चिरंजीव म्हणाले. “मित्र हसतात.”

“बरे आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा गाठ मारू लागला.

तिथून बोईसरला येईपर्यंत चिरंजीवांनी फोन खिशातून काढला नाही. ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

बोईसरविषयी फार लिहीत नाही. तारापूर औद्योगिक वसाहत इथेच आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद, सगळ्यांचे कारखाने आणि त्या सगळ्यांचा मिळून एक वास. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे पोटासाठी आली आहेत. स्टेशनाबाहेर मराठीपेक्षा इतर भाषाच अधिक कानांवर पडतात. पण रिक्षा पश्चिमेकडे वळली की दहा-पंधरा मिनिटांत हवा बदलते. वाड्या, ताडाची झाडे, कौलारू घरे, आणि मग एकाएकी समुद्र.

चिंचणी आणि तारापूर ही खाडीच्या दोन अंगांना असलेली गावे. तारापूरचा किल्ला 1739 साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर पडले. आता तटाच्या आत झाडे आणि शांतता. चिंचणीच्या बाजूला घरोघर दागिन्यांचे साचे कोरण्याचा धंदा चालतो. पोलादाच्या बोटभर तुकड्यावर नक्षी कोरणारी माणसे पाहिली की आपल्या बोटांची लाज वाटते.

आमचे स्नेही म्हणजे निवृत्त शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. संध्याकाळी त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेले. दक्षिणेकडे अणुवीज केंद्राच्या इमारती आणि नव्या अणुभट्ट्यांचे घुमट दिसत होते. चिरंजीवांनी दिवसभराची कथा सांगितली तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, “अरे, हा खेळ आम्ही लहानपणी खेळलो आहोत. तो समोर दिसतो ना, त्याच्यावरून.”

1963 साली भारत-अमेरिका करार झाला, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले, आणि या वाड्यांतून अवाढव्य यंत्रे जाऊ लागली. गुरुजी तेव्हा दहा-बारा वर्षांचे. कुंपणाच्या आत काय चालले आहे ते कोणाला दिसत नव्हते, म्हणून प्रत्येक जण अंदाज करी. “कोणी म्हणे, आता पंचक्रोशीत वीज फुकट. कोणी म्हणे, समुद्राचे पाणी आत घेणार आहेत, ते उकळून बाहेर येईल आणि मासे शिजून किनाऱ्याला लागतील. आमची आजी म्हणे, हिरोशिमावर पडला तोच हा, फक्त बांधून ठेवलेला!”

28 ऑक्टोबर 1969 रोजी केंद्र रीतसर सुरू झाले. देशातली अणूपासूनची पहिली वीज ती इथली. ज्या होमी भाभांनी हे स्वप्न पाहिले ते 1966 च्या जानेवारीतच विमान अपघातात गेले होते.

“मग कोणाचा अंदाज बरोबर आला?” चिरंजीवांनी विचारले.

गुरुजी थोडे थांबले. “वीज आली, पण बिलासकट. मासे काही शिजले नाहीत. आजीचा बांधलेलाही सुटला नाही, देवाची कृपा. नोकऱ्या आल्या, कॉलनी आली, आमची मुले शिकली. ते नाकारणार नाही. पण पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. जुन्या माणसांनी घरदार, वाडी, देऊळ सोडले आणि आखून दिलेल्या वस्तीत जाऊन राहिले. इतके अंदाज झाले रे त्या काळी, पण गाव उठेल हा अंदाज कोणीच केला नव्हता.”

समुद्र मागे सरला होता. ओल्या वाळूवर मुले क्रिकेट खेळत होती. चिरंजीव बराच वेळ त्या घुमटांकडे पाहत राहिले.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. 30 जून 2016 रोजी नाव जाहीर झाले. नानकटाई नाही, नेय्यप्पम नाही, न्यूटेला नाही. नाव निघाले नूगा, ज्याला आपण इंग्रजी अक्षरांप्रमाणे ‘नौगट’ म्हणत राहिलो. आमच्या घरी तास-दीड तास सुतक होते. पुढे 2018 ला ‘पाय’ झाला, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने पदार्थांची नावे लावणेच थांबवून सरळ दहा असा आकडा दिला. ही नावे जगात सगळ्यांनाच समजत नाहीत, हे कारण. कंपनीच्या आतल्या आत मात्र गोडाची नावे चालू राहिली, आणि ती फुटली की अंदाज करणारे पुन्हा जागे होतात. हौशी माणसांचे समाधान थोड्यात होते. 2021 साली विंडोजच्या निमंत्रणपत्रिकेतल्या खिडकीची सावली जमिनीवर दोन उभ्या पट्ट्यांची पडली होती, तेवढ्यावरून लोकांनी ‘अकरा’ ओळखले, आणि ते खरे निघाले!

वाढवणचा पडदाही उघडला. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,200 कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्या दिवशीही होता. बंदराने लाखो हातांना काम मिळेल असे सांगतात. मिळो. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानकही ठरले आहे. एकंदरीत पालघरवर पडद्यांची कमतरता नाही.

चिरंजीव आता नोकरीला लागले आहेत. नव्या सिस्टिमची बातमी आली की अजूनही ते रात्र जागवतात, आणि जागवावी. त्या खेळात निरुपद्रवी आनंद आहे. पण गेल्या वर्षी वाढवणची बातमी वाचून त्यांनी आपणहून सातपाटीला फेरी मारली. जाळे विणणारे ते गृहस्थ भेटले नाहीत. समुद्रावर गेले होते. मावशी भेटल्या. नावाचे काय झाले, हे त्यांनी आठवणीने विचारले. नूगा म्हणजे काय, ते समजावताना चिरंजीवांची पुरेवाट झाली. मावशी म्हणाल्या, “म्हणजे चिक्कीच की रे! मग आमचा निवटा काय वाईट होता?”

आपण कधी तिकडे गेलात, तर नारळी पौर्णिमेनंतर जा. होड्या पाण्यात असतात. येताना पापलेट आणा, डहाणूचे चिकू आणा, केळव्याची पाने आणा. आणि किनाऱ्यावर कोणी जाळे विणत बसलेला दिसला, तर बंदर कधी होणार हे त्याला विचारू नका. जाळ्यांची जागा कुठे असते, ते विचारा. तो हातातले काम खाली ठेवील, बोटाने वाळूवर रेघा ओढील आणि सगळा समुद्र तुम्हाला समजावून सांगेल.