२३ तासांचे बूट

३ जून २०२४, आगाशी

आज लेकीच्या बाळाच्या उजव्या टाचेमागची शीर कापली. परळच्या वाडिया रुग्णालयात लेक माझा हात धरून बाकावर बसली होती. हात गार पडलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात काम झालंसुद्धा. भूल त्या जागेपुरतीच दिली होती, आणि जखम इतकी बारीक की टाकाही घालावा लागला नाही.

जन्मला तेव्हा त्याचं उजवं पाऊल आत मुडपलेलं होतं, तळवा वर आलेला. दर आठवड्याला डॉक्टर हलक्या हातानं ते थोडं बाहेर वळवायचे आणि तिथेच प्लास्टर करायचे. पाऊल समोर आलं, टाच मात्र वरच अडकून राहिली. ती जाड शीर हातानं ताणून लांबत नाही, म्हणून बहुतेक बाळांची कापावी लागते. कापलेली शीर ३ आठवड्यांत हव्या त्या लांबीला पुन्हा जुळते. तोवर जांघेपर्यंत हे शेवटचं प्लास्टर.

जव्हारकडून आलेला एक बाप शेजारी बसला होता. तो म्हणाला, ज्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली त्यांचा आज वाढदिवस, म्हणून जगभर हा दिवस पाळतात. परतताना गाडीत लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. इग्नासिओ पॉन्सेटी, स्पेनच्या मेनोर्का बेटावर १९१४ साली जन्मले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, मग देश सोडून अखेर अमेरिकेत आयोवाला पोचले. तिथे त्यांनी पाहिलं की लहानपणी मोठी शस्त्रक्रिया झालेली मुलं मोठेपणी ताठर, दुखऱ्या पायांनी चालतात. मग त्यांनी हात आणि प्लास्टर यांवरच भर दिला. १९६३ साली लेख छापला, पण कित्येक वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नव्वदीनंतर आईबापांनीच एकमेकांना सांगून ती पद्धत पसरवली. हे ऐकून मला फार बरं वाटलं. गाडीत चढल्यापासून विरारपर्यंत चार बायकांनी तरी विचारलं होतं, "अगं बाई, पडला का गं?" आणि लेक प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत होती. ती सांगते आहे ते कुणाच्या तरी बाळाला उपयोगी पडेल.

२१ जून, वटपौर्णिमा

वडाची पूजा करून आळीतल्या बायका घरी टेकल्या. एकीनं प्लास्टरकडे पाहिलं आणि लेकीच्या तोंडावर म्हणाली, "कोजागिरीचं ग्रहण पाळलं नसेल हिनं. पायावर पाय टाकून बसली असेल."

लेक उठून आत गेली. मी गप्प बसले नाही. गेल्या कोजागिरीचं ते चंद्रग्रहण मध्यरात्री एकनंतर लागलं आणि अख्ख्या देशानं पाहिलं. त्या रात्री देशात पोटुशी बायका काय थोड्या होत्या? सगळ्यांची बाळं अशी जन्मली का? साधारण हजारात एका बाळाचं पाऊल असं असतं, आणि ज्या मुलखात ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही असतं. मुलग्यांत ते मुलींच्या दुपटीनं दिसतं. काही घराण्यांत चालत येतं, बहुतेकांत तसंही नसतं. नेमकं कारण अजून डॉक्टरांनाही उलगडलेलं नाही. पण आई कशी बसली, तिनं विळीवर काय चिरलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मला राग येतो तो याच्यासाठी की या बोलण्यानं पाय बिघडतात. माझी नोकरी अंगणवाडीत गेली. भाताण्याकडच्या एका पाड्यावर मी एक मुलगी पाहिली होती, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालणारी. त्या कडेला टाचेसारखी जाड कातडी आलेली. तिच्या आईलाही ग्रहणाचंच सांगितलं होतं. नशिबाचं म्हणून ती माऊली दवाखान्यात गेलीच नाही. तेव्हा मुलं तपासायला पथक येत नव्हतं. या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला ६ फेब्रुवारी २०१३ला, आणि तोही आपल्या पालघरातून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. आता पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आणि जन्मतःच्या दोषांच्या त्यांच्या यादीत वाकडं पाऊल आहे. त्यातून पुढचा उपचार फुकट होतो. हे मी आज त्या बायकांना सगळं सांगितलं. सणाच्या दिवशी आवाज चढला, चढू दे.

२४ जून

प्लास्टर निघालं. आतली कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेली, आणि पाय डाव्यापेक्षा बारीक. पण पाऊल! तळवा सपाट, टाच खाली, आणि सगळं पाऊल चांगलंच बाहेर वळलेलं. मला ते जास्तच वळलेलं वाटलं. डॉक्टर म्हणाले, मुद्दामच तसं ठेवतात, पुढे चालायला लागला की सरळ होतं.

मग बूट आले. चामड्याचे, पुढून बोटं उघडी, दोन्ही एका लोखंडी दांडीला जोडलेले. दांडी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. उजवा बूट बाहेरच्या बाजूला ७० अंशांत, डावा ४०. डॉक्टर याला स्टीनबीक ब्रेस म्हणतात. युगांडात काम करणाऱ्या स्टीनबीक नावाच्या माणसानं तो तिथे मिळणाऱ्या साध्या सामानातून करता यावा असा बेतला. आपल्याकडचा चांभार बघितल्याबरोबर ओळखेल असंच ते काम आहे.

जावईबापूंनी विचारलं, "डावा पाय तर चांगला आहे, त्याला कशाला?" डॉक्टर म्हणाले, एकाच पायात बूट असला तर त्याला बाहेर धरून ठेवायला काहीच नसतं. दांडीमुळे एक पाय दुसऱ्याला धरतो.

बूट कसा घालायचा ते डॉक्टरांनी आमच्याकडूनच करून घेतलं. आधी उजवा पाय, कारण बाळ जास्त ओढतं तोच. गुडघा वाकवायचा, टाच मागे खाली दाबून बसवायची, आतला पट्टा घट्ट, मग नाडी. बुटाच्या मागे एक भोक आहे. त्यातून टाच दिसली तरच ती खाली बसली. दिसली नाही तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. लेकीनं घातलं, मग जावईबापूंनी, मग मी. तिघांचंही पाहूनच त्यांनी आम्हाला सोडलं.

३ महिने दिवसाचे २३ तास. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. पाय आज सरळ आहे म्हणून बूट काढले तर तो पुन्हा आत जाईल. पॉन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आकडे दिले आहेत: बूट नीट घालणाऱ्यांत शंभरातल्या ६ जणांचा पाय परत वळला, आणि न घालणाऱ्यांत ८०हून जास्त जणांचा. आजपर्यंतचं काम डॉक्टरांचं होतं. यापुढचं घराचं.

२५ जून

रात्र रडण्यात गेली. त्याचीही, आमचीही. बूट काढले नाहीत.

२८ जून

मालीशवाली मावशी बाळंतपणापासून येते, हात चांगला आहे तिचा. प्लास्टर असताना बाळाला नुसतं ओल्या कपड्यानं पुसायचो, त्याचं तिला फार वाईट वाटायचं. आज पहिल्यांदा तेल लावून न्हाऊ घातलं. न्हाण्याचा तो एक तास हाच त्याचा बुटाबाहेरचा तास. बाळ इतकं खूश की दोन्ही पायांनी पाणी उडवून आमची लुगडी भिजवली.

मावशी म्हणाली, "ताई, बूट कशाला, मी महिनाभर चोळून पाय सरळ ठेवते." तिच्या हाताचा मी अपमान केला नाही. तिला जवळ बसवून दाखवलं, गुडघा वाकवून पाऊल हळूच वर आणि बाहेर न्यायचं, तिथे थोडं धरायचं, सोडायचं. आतल्या बाजूला कधी दाबायचं नाही. "एवढं तू रोज कर, बाकीचं बूट करतील." तिनं दोनदा करून दाखवलं. तेल नीट पुसून कोरडं करून मगच मोजे, हेही तिच्याच हातून होणार.

आता रडणं कमी झालंय, कारण त्याला युक्ती सापडली. पहिले दिवस तो एकेक पाय वेगळा झाडायला बघायचा आणि अडायचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लेक दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवते, एकदम सरळ करते, वर "आगगाडी आली" म्हणते. आज त्यानं आपणहून दोन्ही पाय मिळून उचलले आणि दांडी पलंगाच्या कठड्यावर आपटली. दांडीला सायकलच्या मुठीचं रबर आणि त्यावर जुन्या साडीची पट्टी गुंडाळली आहे. नाहीतर पाजताना लेकीच्या बरगडीला लागते.

८ जुलै

पावसानं धरलंय. अंगण पाण्यात, लाईट जाते-येते. प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून जपायचं संपलं, तर आता मोजे वाळेनात. सुती मोजेच हवेत आणि दिवसातून दोनदा तरी बदलायला हवेत. ओल्या मोज्यात कातडी सोलते. दोरीवर वाळत घातलेले मोजे दुसऱ्या दिवशीही दमट. शेवटी इस्त्री. लाईट असेल तेव्हा सगळे मोजे इस्त्रीनं कोरडे करून स्टीलच्या डब्यात भरून ठेवते. न्हाण्याच्या तासात बूट पंख्याखाली, आणि चामड्यावर बुरशीचा पांढरा ठिपका दिसला की कोरड्या फडक्यानं पुसायचा.

१७ जुलै, आषाढी एकादशी

उजव्या टाचेच्या मागे लाल डाग. विहीणबाई भेटायला आल्या होत्या. त्यांचं मन द्रवलं, "सैल करा हो नाडी, लेकराला रुततंय." कुणालाही तेच वाटेल. पण सैल बुटात पाऊल वर-खाली घसरतं आणि ते घासूनच फोड येतो. डॉक्टरांना फोन केला. पट्टा एक भोक घट्ट करा, डागावर तेल-मलम काही लावू नका, म्हणाले. संध्याकाळपर्यंत डाग फिकट झाला. मी विहीणबाईंना मुद्दाम तो दाखवला. त्या बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

११ ऑगस्ट

लेक सासरी गेली, सफाळ्याला. ओटी भरली, सुकेळीचा पुडा दिला, बाळाच्या पिशवीत मोज्यांचा डबा. विरारहून डहाणू गाडीत बसवून दिलं.

माझा जीव बुटांत अडकला आहे. माहेरी लेकीच्या बाजूनं बोलायला मी होते. तिथे मोठं कुटुंब, येणारं-जाणारं माणूस खूप, आणि सगळे बाळावर जीव टाकणारे. बूट अशाच घरात निघतात. मारकुट्या माणसांपेक्षा मायाळू माणसांसमोर नाही म्हणणं नव्या सुनेला जास्त जड जातं. दांडीतल्या बाळाला उचलून "किती छळता याला" म्हणणाऱ्या आत्याला ती काय उत्तर देणार?

१३ सप्टेंबर

लेकीचा फोन, रडत. गौरी-गणपतीला घर भरलेलं. बाळाच्या पायावर घामोळं आलं, कुणीतरी म्हणालं दोन दिवस वारा लागू दे, आणि बूट निघाले. काल रात्री घालायला गेली तर मागच्या भोकात टाच दिसेना. पुन्हा पुन्हा बसवली, तरी नाही.

तिला रागावण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "बूट जसे बसतील तसे घाल, जेवून घे, उद्या पहिल्या गाडीनं निघू. मी विरारला चढते. येताना सासूबाईंना घेऊन ये." एवढं शेवटचं मी ठरवूनच बोलले.

१४ सप्टेंबर

विहीणबाई आल्या. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन वर नेऊन पाहिला, बाहेर वळवून पाहिला. थोडा आवळलाय, पण प्लास्टरची पाळी आलेली नाही. आणखी आठवडा गेला असता तर आली असती. त्यांनी कुणालाही दोष दिला नाही. विहीणबाईंना जवळ बोलावलं, बाळाची टाच त्यांच्या बोटाखाली ठेवली आणि म्हणाले, "आजी, ही आधी इथं वर होती. दाबून बघा, आत हाड लागतंय ना? ते खाली राहायला हवं." विहीणबाईंनी दाबून पाहिलं. मग त्यांच्याच हातून बूट घालून घेतला. चौथ्या खेपेला भोकात टाच दिसली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "आली बघा!"

घामोळ्यासाठी मोजे पातळ वापरायचे, न्हाण्याचा तास दुपारी घ्यायचा. २३ तास आता दिवाळीपर्यंत. लेकीचा चेहरा पडला. मी म्हटलं, दीड महिना जाईल गं.

२९ सप्टेंबर, सफाळे

दोन दिवस लेकीकडे आले आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर कागद लावलाय, बूट काढल्याची आणि घातल्याची वेळ, आणि कुणी घातले ते. जावईबापूंनी काढलेला तक्ता. लेकीचं नाव आहे, जावईबापूंचं आहे, विहीणबाईंचं सगळ्यांत जास्त वेळा आहे, आणि परवापासून व्याह्यांचंही. त्यांना चष्म्याशिवाय ते भोक दिसत नाही, म्हणून ते टॉर्च घेऊन बसतात. पुढच्या महिन्यात इथल्या अंगणवाडीत तपासणी पथक येणार आहे. बाळाचं नाव तिथे नोंदवायचं मी सेविकेशी बोलून ठेवलं. बोटं बुटाच्या पुढच्या कडेला आली आहेत, तेव्हा परळला जाताना मोठ्या मापाचं विचारायचं.