न घेतलेल्या औषधाची खूण

ज्यानें औषधाची एक गोळीही कधीं तोंडांत घातली नाहीं, त्याच्या शरीरांतील विषाणूस तें औषध पचवितां यावें, हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस कूटप्रश्नासारखें वाटलें. एचआयव्हीच्या रोग्यांत मात्र असें वारंवार आढळतें.

हा विषाणु आपली प्रत फार निष्काळजीपणानें काढतो. मजकूर सुमारें 9,700 अक्षरांचा. पण मुद्रितें तपासणारा कोणी नाहीं. म्हणून एकाच देहांत असंख्य अशुद्ध प्रती निपजतात. बहुतेक चुका वायां जातात. परंतु औषध अपुरें पडलें वा त्यांत खंड पडला, कीं एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते व तिचा वंश वाढतो. झिडोव्हुडीन हें पहिलें औषध अमेरिकेंत 1987 सालीं मान्य झालें. त्यास न जुमानणारे विषाणु आढळल्याचें 1989 सालीं प्रसिद्ध झालें. आणि असा विषाणु दुसऱ्या माणसाकडे गेल्याचें 1993 सालीं.

या चुकांचें आयुष्यही सारखें नसतें. प्रत काढणाऱ्या प्रथिनांत 184 व्या स्थानीं होणारा बदल लामिव्हुडीनला निष्प्रभ करतो, पण विषाणूसही दुबळा करतो. औषधावांचून तो बहुधा लवकर मागें पडतो. 103 व्या स्थानचा बदल विषाणूस फारसा जड होत नाहीं. तो वर्षानुवर्षें टिकतो आणि नेव्हिरापीन व एफाव्हिरेन्झ यांची धार आधींच बोथट करून ठेवतो. भारतांत 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले, त्यांचा मोठा भार याच औषधांवर होता.

गोळ्या चुकविल्या त्यानें फळ भोगावें, असें आपण सहज म्हणून जातों. येथें भोगणारा निराळाच असतो. आणि चुकविणाऱ्याची तरी कथा कोण विचारतो? कधीं केंद्रांतील साठा संपलेला असतो, कधीं मजुरी बुडवून तेथवर जावें लागतें, कधीं घरांत डबी लपवावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं डोल्युटेग्राव्हिरला पहिली पसंती दिली. तें विषाणूच्या दुसऱ्याच प्रथिनावर घाव घालतें. 103 व्या स्थानच्या बदलाचें त्यापुढें कांहीं चालत नाहीं. तथापि चुका करणारा नक्कलनवीस तोच आहे, आणि हेंही औषध अक्षय नव्हे. म्हणून केंद्रांतील रिकामें फडताळ ही एकट्या रोग्याची अडचण समजून स्वस्थ बसणें आम्हांस मान्य नाहीं. ज्याला अद्याप रोगाचा स्पर्शही झालेला नाहीं, त्याच्या वांट्याचें औषध तेथें नासत असतें.