मुलखात राहून जपानी शिकताना

पेडगाव, जि. परभणी

चि. भाचीस,

परकी भाषा तिच्या मुलखात राहून शिकण्याच्या रीतीला भाषाशिक्षणात निमज्जन म्हणतात. शिकणाऱ्याने दिवसभर त्याच भाषेत विचारावे, चुकावे आणि सावरावे, ही त्यामागची अपेक्षा असते. विमानात बसले की हे आपोआप घडते, ही समजूत मात्र खरी नाही. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तेथे कचेरीत इंग्रजी व घरी मराठी बोलून माणूस वर्षानुवर्षे जपानीवाचून निभावून नेऊ शकतो. त्याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली निवडून आलेले योगेंद्र पुराणिक यांच्या जपानीचा पाया पुण्यात घातला गेला होता, हे म्हणूनच ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा पाया इंग्रजीऐवजी मराठीतून घालणे अधिक शहाणपणाचे. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे काम नामाच्या मागून येणारे शब्द वा प्रत्यय करतात. ‘चूल’ म्हणताना मराठी जीभ जो ‘च’ उच्चारते, तो जपानी ‘त्सु’च्या अगदी जवळचा आहे. खरा घाम फुटतो तो कांजीला, म्हणजे चिनी मुळाच्या अक्षरांना. जपान सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत अशी २१३६ अक्षरे आहेत, आणि जपानात राहिले तरी ती गिरवण्यावाचून सुटका नाही.

मुलूख शिकवतो ते वेगळेच. जपानी माणूस बोलत असता ऐकणारा मधून मधून ‘हाइ’, ‘ए’ असे उद्गार काढत राहतो, ज्यांना आइझुची म्हणतात. आजीच्या गोष्टीला नातवंडे देतात त्या हुंकारासारखाच हा प्रकार असून त्यातला ‘हाइ’ म्हणजे होकार नव्हे, केवळ ‘ऐकतो आहे’ एवढेच. तो नेमका कोठे द्यावा, हे पुस्तकातून कळणे अवघड आहे. केइगो या आदरार्थी भाषेचेही तसेच: समोरच्याची कृती उंचावणारी आणि स्वतःची कृती नम्रतेने खाली ठेवणारी अशी निरनिराळी क्रियापदे तीत असतात, आणि दुकानाच्या गल्ल्यामागे उभे राहून गिऱ्हाइकांशी रोज बोलल्यावरच ती जिभेवर बसतात. विद्यार्थी-व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत असे काम करता येते. त्याकडे निव्वळ कमाई म्हणून पाहणे हा मोठाच तोटा ठरेल.

भाषेच्या वाटेने परक्या समाजात किती खोल उतरता येते, याचा पुरावा उलट्या दिशेने आलेल्या एका अभ्यासकाने दिला आहे. हितोत्सुबाशी विद्यापीठाचे हिरोशी फुकाझावा यांनी जुनी मराठी साधने अभ्यासून अठराव्या शतकातील बलुतेदारीवर लिहिले आणि बलुतेदार एकेका घराचा नव्हे, तर साऱ्या गावाचा सेवक असे, हा निष्कर्ष १९७२ साली मांडला. पेडगावसारख्या गावाची जुनी घडी टोकियोकडच्या विद्वानाने इतक्या बारकाईने समजून घ्यावी, याचे येथे मोठे अप्रूप वाटते.

तेव्हा जेएलपीटी या परीक्षेच्या पाच पातळ्यांपैकी खालून दुसरी, एन-४, पुण्यातच उत्तीर्ण व्हावी. पुढे टोकियो टाळून एखादे लहान शहर निवडावे आणि निदान पहिले सहा महिने जपानी कुटुंबात राहावे. खर्चाची काळजी घरच्यांवर सोडावी.