तिहेरी शर्यत आणि कोरडीं पिंपें

घोडपदेवास आमच्या चाळींत साधा सत्यनारायण असला, तरी पाण्याचा हंडा कोणीं भरावयाचा हें आदल्या दिवशींच ठरतें. त्यामुळें गतवर्षीं पुतण्याच्या ट्रायाथ्लॉन नामक तिहेरी शर्यतीसाठीं कोंकणच्या किनाऱ्यावर गेलों, तेव्हां तेथील व्यवस्था पाहून आम्ही थक्कच झालों. १.५ किलोमीटर पोहणें, लागलीच ४० किलोमीटर सायकल व शेवटीं १० किलोमीटर धांवणें. २००० सालीं सिडनीस ऑलिंपिकांत दाखल झालेली ती हीच. वर्गणी भरपूर घेतलेली. परंतु धांवण्याच्या वाटेवरील पिंपें नऊच्या आंतच कोरडीं पडलीं. सातव्या किलोमीटरच्या वळणावर मार्ग दाखविण्यास कोणी नव्हतें, म्हणून आम्हीच उभे राहिलों. तेथेंच पुतण्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. "काका, अंधारी येते," एवढेंच तो बोलला. डॉक्टरांची गाडी मागविली. ती आली नाहीं. अखेर वाडींतील एका बाईंनीं तांब्याभर पाण्यांत मीठ-साखर घालून दिली.

सुरूच्या सावलींत बसलों असतां गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत आठवली. १९५२ सालीं हेलसिंकीस एक कुस्ती संपतांच त्यांना दुसरीस उभें केलें. मध्यें अर्धा तास विश्रांति नियमांतच होती. पण तो नियम पुढें करण्यास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा हरले, व कांस्यपदक घेऊन परतले.

पुतण्या उरलेलें अंतर चालत गेला. मंडपांतील गृहस्थ म्हणाले, "पुढच्या वेळीं पाहूं."

यंदा त्यानें पुन्हां नांव घातलें आहे. आमच्या घरांतून दोन कळशा घांसून ठेवण्यांत आल्या आहेत.